स्टेशनच्या वाटेकडे बघणारा दगड

पुण्याचं माणूस पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे जात नाही. ही खोड मी लोणच्याच्या बरण्यांबरोबर जपानला नेली आणि तिथे ती फारच वाढली.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. नवऱ्याला त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं होतं आणि मी त्याची बायको म्हणून बरोबर गेले होते. पुण्यात असताना मी हौसेने जपानी शिकले होते. त्या वेळी सगळे हसायचे, आता तेच सगळे म्हणायचे की बघ, उपयोग झाला की नाही. उपयोग एवढाच झाला की कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा याचा कागद मला वाचता यायचा. बाकी दिवसभर नवरा प्रयोगशाळेत आणि मी सायकलवर.

त्सुकुबा हे कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं गाव. रस्ते रुंद, झाडं रांगेत, संस्थांना कुंपणं, आणि माणूस दिसेल तर शपथ. पण आमच्या इमारतींच्या मागे बांबूचं बन होतं आणि त्याच्या पलीकडे जुनी वस्ती होती. कौलारू घरं, पातीच्या कांद्याचे वाफे, भातखाचरं, एक बौद्ध देऊळ. शहर आखणारे ही वस्ती बहुधा पुसायला विसरले असावेत. माझी सायकल आपोआप तिकडे वळायची.

तिथे रस्त्याच्या कडेला पाट्या असायच्या. लाकडी फळा, त्यावर इवलंसं छप्पर, खाली शिक्षण मंडळाचं नाव. मी सायकल लावून, बास्केटमधला शब्दकोश काढून, थंडीत नाक पुसत एकेक अक्षर लावत बसायची. एवढं करून निघायचं काय, तर इथे एका सरदाराची गढी होती, इथे नावेचा धक्का होता, इथे जकातनाका होता. मान वर करून बघावं तर समोर कोबीचं शेत. नवरा म्हणायचा, नसलेल्या गोष्टी बघायला एवढी सायकल मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला मात्र ते आवडायचं. गेलेल्या गोष्टीची कुणीतरी आठवण ठेवतं, तिच्यासाठी फळा रंगवतं आणि वर त्या फळ्याला पावसापासून छप्परही करतं, हे मला फार सभ्यपणाचं वाटायचं.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडायचा तो एक दगड होता, आणि त्याला पाटीच नव्हती. बांबूचं बन संपून रस्त्याला जिथे फाटा फुटायचा तिथे तो उभा होता. कमरेएवढा, शेवाळलेला, त्यावर तीन तोंडांचा एक रागीट देव कोरलेला. आणि देवाच्या डोक्यावर, मुकुटाच्या जागी, घोड्याचं तोंड. आणखी एक गंमत म्हणजे तो दगड जरा तिरका होता. रस्त्याने येणाऱ्याला त्याचा खांदा दिसायचा. त्याचं तोंड होतं शेतांमधून लांब जाणाऱ्या एका अरुंद वाटेकडे. मला वाटायचं, बसवताना गवंड्याची चूक झाली असेल.

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. निघताना सासूबाईंनी माझ्या हातात भंडाराची पुडी दिली होती आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आधी त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, देव्हारा नसला तरी चालेल, पण वांग्याचं भरीत-भाकरी करा, भंडार उधळा आणि कुत्र्याला घास घाला. त्यांना सांगणं सोपं होतं. भरीत झालं, बाजरीचं पीठ पिशवीच्या तळाशी उरलं होतं त्याची वेडीवाकडी भाकरीही झाली. पण भाड्याच्या घरात हळद उधळली तर घरमालकाला काय सांगणार? आणि कुत्रा आणायचा कुठून? अख्ख्या त्सुकुबात मोकाट कुत्रं औषधालाही नव्हतं. आमच्या इमारतीत तर मांजर पाळायलाही बंदी होती.

तेव्हा मला त्या दगडाची आठवण झाली. तो खंडोबा नाही हे मला कळत होतं, मी काही खुळी नाही. पण घोडा होता, देव होता आणि तोंडावर राग होता. कुलदैवतापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला एवढं पुरतं. सकाळी नवरा संस्थेत गेल्यावर मी डबा घेऊन तिथे गेले, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि हळू आवाजात येळकोट येळकोट जय मल्हार म्हणून मूठभर भंडार उधळला. डोंगराकडून वारा येत होता. भंडार सगळा दगडावर बसला. शेवाळ, तिन्ही तोंडं, घोडा, सगळं पिवळंधमक झालं. मी पानावर भरीत-भाकरी ठेवली आणि हात जोडले, तेवढ्यात बांबूच्या बनातून एक तांबूस कुत्रा दोरी फरफटत आला आणि त्याने भाकरी उचलली.

क्षणभर खरंच वाटलं की देव इथवर आला.

देवाच्या मागोमाग कुत्र्याची मालकीण आली. पासष्टी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, डोक्याला पंचा बांधलेली बाई. तिने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग दगडाकडे आणि मग माझ्याकडे. मी घाबरून पुस्तकातलं सर्वांत आदरार्थी जपानी काढलं आणि दोनदा कमरेत वाकून माफी मागितली. तिने दगडावर बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, ही हळद आहे. मग विचारलं, का लावलीत?

मी सांगितलं की आमच्याकडे घोड्यावर बसणारा देव आहे, त्याला हळद वाहतात, आज त्याचा दिवस आहे. ती म्हणाली, माझी आई चांगले किमोनो हळदीत रंगवलेल्या कापडात गुंडाळून ठेवायची, म्हणजे कसर लागत नाही. तुमच्याकडेही हळद चांगल्याच वस्तूला लावतात ना? मी हो म्हटलं.

"मग असू दे," ती म्हणाली. "हा आमच्या घोड्याचा दगड आहे."

मी तिला मनात आजी म्हणू लागले होते, तोंडाने जपानीत ओबाआसान. दोन्हीचा अर्थ एकच. त्या दिवशी आजींनी मला घरी नेलं, ओसरीवर उन्हात बसवलं, चहा आणि वाळवलेलं पर्सिमॉनचं गोड फळ दिलं. त्यांची बोली या भागातल्या शेतकऱ्यांची, आणि माझं जपानी पुण्याच्या वर्गातलं. मला त्यांची निम्मी वाक्यं परत विचारावी लागत. त्यांनाही माझं जपानी बातम्या वाचल्यासारखं वाटायचं, असं त्यांनी पुढे ओळख वाढल्यावर सांगितलं.

या भागात नांगराला घोडे असत. घरातला घोडा गेला की त्या घराने रस्त्याच्या कडेला असा दगड उभा करायचा, डोक्यावर घोडा असलेल्या या देवीचा. देवाचा नव्हे, देवीचा. म्हणजे मी कुणाच्या तरी स्मारकावर भंडार उधळून आले होते, आणि तेही देवीला देव समजून. आमच्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतात, पण ते लढाईत पडलेल्या माणसांचे. घोड्याचा वीरगळ मी पहिल्यांदाच पाहत होते.

फक्त हा घोडा घरी मेला नव्हता. आजी शाळकरी मुलगी असताना चीनमध्ये लढाई सुरू झाली. आधी थोरल्या भावाला बोलावणं आलं, मग घोड्याला. ठरलेल्या दिवशी घोडा स्टेशनजवळच्या मैदानात नेऊन सैन्याच्या ताब्यात द्यायचा होता. आता ते स्टेशन नाही. डोंगराच्या पायथ्याने जाणारी ती छोटी गाडी आम्ही यायच्या आधीच बंद झाली होती आणि रूळही काढले होते. पण तेव्हा स्टेशनला जायची वाट त्या फाट्यावरूनच होती.

घोडा न्यायचं काम वडिलांचं. त्या सकाळी वडील म्हणाले, मला खळ्यात काम आहे, तू जा. खळ्यात काहीच काम नव्हतं, आजी मला म्हणाल्या, मळणी होऊन गेली होती. वडिलांनी घोड्याच्या आयाळीत हात घातला, मग दोर तिच्या हातात दिला आणि एवढंच सांगितलं, की दोर दिलास की सरळ परत फीर, मागे बघू नकोस. तू बघितलंस तर तो पुढे जाणार नाही आणि शिपाई त्याला मारतील. ती शेजाऱ्यांबरोबर गेली, दोर दिला आणि परत फिरली. मागून तो खिंकाळला. एकदा नाही, बऱ्याच वेळा. इतक्या घोड्यांत आपला कुठला हे तिला आवाजावरून कळत होतं. ती मान खाली घालून घरापर्यंत चालत आली.

आमच्याकडे स्मशानातून परतताना मागे वळून बघू नये म्हणतात. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते आणि पाळलंही होतं. पण त्यात एवढे कष्ट असतात हे मला त्या ओसरीवर कळलं.

भाऊ पेटीतून परत आला, म्हणजे त्याची राख आली. घोड्याचं काहीच आलं नाही. लढाई संपल्यावर वडिलांनी दगड घडवून घेतला आणि फाट्यावर बसवला. गवंडी म्हणाला, तोंड रस्त्याकडे हवं, येणारा-जाणारा हात जोडेल. वडील म्हणाले, नाही. स्वतः पहार घेऊन त्यांनी दगड स्टेशनच्या वाटेकडे वळवला. त्याचं कारण त्यांनी मरेपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.

"मी मागे पाहिलं नाही," आजी म्हणाल्या. "बाबा तर गेलेच नव्हते. तेवढं बघायचं काम त्यांनी दगडाला दिलं."

त्यानंतर मी जवळजवळ दर आठवड्याला जायची. त्या रोज सकाळी कुत्र्याला घेऊन दगडापाशी जात, पेल्यात पाणी ठेवत. हळद उन्हाने फिकट झाली पण घोड्याच्या कानांच्या खाचेत आणि देवीच्या भुवयांत राहिली. त्यांना त्याची मजा वाटायची. पुढच्या वर्षी तुमच्या देवाचा दिवस कधी येतो ते सांगा, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. एवढ्या-तेवढ्या भूकंपाने ओसरीवरच्या बरण्या खडखडत. मी सुरुवातीला घरी कुकर सोडून बाहेर पळायची, त्या चहा ओतायच्याही थांबत नसत. देवळातले दगडी कंदील भूकंपाने आपल्या जागी फिरतात, मग वस्तीचे पुरुष साफसफाईच्या दिवशी पहार घेऊन ते सरळ करतात, हेही मला त्यांनीच सांगितलं.

पुढच्या वसंतात नगरपालिकेने तो रस्ता रुंद करायचं ठरवलं. खरं सांगायचं तर रस्ता आमच्यासाठीच होता. संस्थांच्या बस त्याच्यावरून जाणार होत्या आणि माझ्या नवऱ्याचा जाण्या-येण्यातला वेळ वाचणार होता. फाट्यावर माती पडणार होती. वस्तीत ठिकठिकाणी असलेले असे सगळे दगड काढून देवळाच्या कोपऱ्यावर एका रांगेत बसवायचे आणि त्यांच्यापुढे माहितीची पाटी लावायची, असं ठरलं होतं. वस्तीच्या सभागृहात त्यासाठी बैठक झाली. आजी मलाही घेऊन गेल्या, म्हणाल्या, तुम्हाला पाट्या आवडतात ना.

नगरपालिकेचा माणूस तरुण होता, हातात नकाशाची गुंडाळी, बोलणं अतिशय नम्र. त्याने सांगितलं की दगड काळजीपूर्वक हलवू, पुजाऱ्यांकडून आधी पाठ करून घेऊ, कुणाला काही शंका? कुणाला काहीच नव्हती. मग आजी उठल्या. त्यांनी विचारलं, आमच्या दगडाचं तोंड जरा उजवीकडे ठेवता येईल का? नव्या जागेवरूनही ती वाट दिसते. तो माणूस म्हणाला, रांगेतले सगळे दगड नव्या रस्त्याकडे तोंड करून असतील, म्हणजे बघणाऱ्यांना नीट दिसतील. एकच तिरका ठेवला तर बघणाऱ्यांना ती चूक वाटेल. हे चालेल ना?

आजी म्हणाल्या, "ते जरा…" आणि थांबल्या.

पुण्यात आमच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, जपानी माणूस 'ते जरा' म्हणून थांबला की समजायचं तो नाही म्हणतोय. त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ते समजलं. नगरपालिकेच्या माणसालाही समजलं असणार. पण वाक्य पुरं झालं नव्हतं, त्यामुळे नोंदवण्यासारखं काही नव्हतं. त्याने वाकून आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशी बैठक आमच्याकडे असती तर एवढ्यात खुर्च्या उडाल्या असत्या. मी उठणार होते, तर आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

घरी येऊन मी नवऱ्यासमोर सगळा राग काढला. त्याचं म्हणणं, आपण पाहुणे आहोत, त्यांच्या भानगडीत पडू नये. मी म्हटलं, रस्ता तुझ्यासाठी होतोय. दुसऱ्या दिवशी मी आजींना विचारलं की तुम्ही सरळ का सांगत नाही, काय झालं ते? त्या म्हणाल्या, वस्तीत सगळ्यांचंच काही ना काही गेलंय. कुणाची जमीन संस्थांच्या कुंपणात गेली, कुणाची माणसं लढाईत. मी एकटीने घोड्यासाठी रडायचं हे बरं दिसत नाही.

मी तरीही नगरपालिकेत गेले. आजींना न सांगता गेले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. नकाशावाल्या माणसाला माझ्या बातम्यांच्या भाषेत सगळी हकीकत सांगितली. खळ्यात काम नव्हतं तेही सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, विचार करू. याचाही अर्थ बाईंनी शिकवला होता. मी सायकलवरून रडत घरी आले.

दगड हलवला तेव्हा तिथला पावसाळा, जो उन्हाळ्याच्या आधी येतो, संपत आला होता. पुजाऱ्यांनी पाठ केला, छोट्या क्रेनने दगड उचलला. रांगेत बसवण्याआधी कंत्राटदाराच्या लोकांनी सगळे दगड पाण्याच्या फवाऱ्याने धुतले, त्यात शेवाळ गेलं आणि कानांतली हळदही गेली. आजी मला म्हणाल्या, तुमचा रंग गेला हो. मग सिमेंटच्या चौथऱ्यावर सगळे दगड ओळीत बसले, नव्या रस्त्याकडे तोंड करून, शाळेतल्या फोटोसारखे. समोर पाटी आली, वर छोटंसं छप्पर. मी ती शब्दकोशाशिवाय वाचली. शेतीकामात माणसाला साथ देऊन येथे मरण पावलेल्या घोड्यांच्या स्मृतीसाठी गावकऱ्यांनी हे दगड उभारले, असं तिच्यावर लिहिलं होतं. येथे मरण पावलेल्या. एवढी वर्षं ज्या पाट्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांतल्या कितींमध्ये असं काय काय सोडलेलं असेल, असं माझ्या मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

आजींनी पाणी ठेवायला जाणं सोडलं. कुत्रा रोज सकाळी सवयीने देवळाच्या कोपऱ्याकडे ओढायचा, त्या त्याला दुसऱ्या बाजूने न्यायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, गुडघे दुखतात. पण दुसरी वाट लांबची होती. उन्हाळ्यात त्या खरंच आजारी पडल्या, दोन आठवडे दवाखान्यात होत्या. परत आल्या त्या काठी घेऊनच. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, माझ्यानंतर त्या दगडाचं तोंड कुठेही असलं तरी चालेल. तोवर मात्र तिकडे असावं असं वाटत होतं. एवढं स्पष्ट त्या कधीच बोलल्या नव्हत्या. मी नुसत्याच शेंगा सोलत राहिले.

शरदात पितरांच्या दिवसांआधी वस्तीची साफसफाई असते. प्रत्येक घरातून एक माणूस येतो, गवत कापायचं, गटारं काढायची, देवळाचं आवार झाडायचं. आजींच्या घरातून आजी जायच्या. यंदा त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांच्या ऐवजी मी जाते म्हटलं. त्या म्हणाल्या, निदान तोंड दाखवायला हवं, आणि काठी टेकत माझ्याबरोबर निघाल्या. त्या पहाटे भूकंप झाला होता. नेहमीसारखाच, कपातला चहाही सांडला नसता.

देवळाच्या कोपऱ्याशी आलो तेव्हा वस्तीचे सगळे पुरुष आधीच कामाला लागले होते आणि कमालीच्या एकाग्रतेने गवत कापत होते. कुणी मान वर केली नाही. आणि रांगेतला आजींच्या घोड्याचा दगड फिरला होता. बाकी सगळे नव्या रस्त्याकडे बघत होते, हा एकटा उजवीकडे, शेतांमधल्या त्या वाटेकडे. चौथऱ्यावरचा सिमेंटचा जोड कोरून काढलेला होता, त्याचे तुकडे झाडून एका बाजूला नीट ढीग करून ठेवले होते. शेजारी पहार भिंतीला टेकवलेली होती.

वस्तीचे प्रमुख, आजींच्याच वयाचे शेतकरी, टोपी काढून आमच्यापाशी आले. म्हणाले, पहाटेच्या भूकंपाने फिरला बहुतेक. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हाताच्या बोटांना सिमेंटची पूड लागलेली होती.

हे होईतो नगरपालिकेचा तो तरुण माणूस आला. पाटीचे फोटो काढायला यायचं त्याचं आधीच ठरलं होतं. आला तो दगडापुढे थांबला. मी कंबर कसली. पुण्यातल्या बाईंनी न शिकवलेलं जपानीही त्या दिवशी मी बोलले असते. त्याने दगडाकडे पाहिलं, सिमेंटच्या ढिगाकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं. सगळे पुरुष गवत कापत राहिले.

"भूकंप," प्रमुख म्हणाले.

"हो, पहाटे मलाही जाणवला," तो म्हणाला. मग म्हणाला की एकदा फिरलेला दगड पुन्हा सरळ करायला गेलं तर पुढच्या भूकंपात पडायचा, कुणाला तरी लागायचं, तेव्हा सुरक्षिततेच्या दृष्टीने आहे तसाच राहू द्यावा. त्याने पाटीचा फोटो काढला. त्यात दगड आला की नाही, मला माहीत नाही. जाताना तो त्या एका दगडापुढे वाकला आणि मी त्याच्याविषयी इतके महिने जे काही मनात बोलले होते ते सगळं मागे घेतलं. माझ्या त्या सायकलवरून रडत येण्याचा यात काही वाटा होता का, हे मला कधीच कळलं नाही. विचारण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

आजींनी कुणाचे आभार मानले नाहीत. मानले असते तर भूकंपाची गोष्ट खोटी पडली असती. त्या दगडाच्या शेजारी गेल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बघत होता तिकडे बघत उभ्या राहिल्या. कापणीला आलेला भात, मधून जाणारी वाट आणि जिथे स्टेशन होतं तिथे आता काही नाही. पुरुषांचे विळे तेवढा वेळ थांबले होते. मग त्यांनी मला खूण केली आणि आम्ही घरी निघालो.

त्या फार सावकाश चालत होत्या, मान खाली, एक हात काठीवर, एक माझ्या दंडावर. बांबूच्या बनाशी रस्ता वळतो तिथे त्या थांबल्या. मला वाटलं दम लागला, म्हणून मी बसायला जागा शोधू लागले. त्यांनी माझा दंड सोडला, काठी टेकली आणि वळून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, चला, आता जाऊ या.